चार कायदे, एकच फाइल : पुण्यातील एका वकिली कार्यालयाविषयी

घरातील वडीलधारे माणूस गेल्यावर मागे राहिलेली सदनिका, वाड्यातील हिस्सा, ठेवी आणि अर्धवट राहिलेले व्यवहार यांची व्यवस्था कशी लावायची, हा प्रश्न पुण्यातील बहुतेक घरांत कधी ना कधी उभा राहतो. त्या वेळी कोणत्या वकिलाकडे जावे आणि त्याच्याकडून काय अपेक्षावे, हे सांगणारे सहसा कोणी भेटत नाही. म्हणून आमच्या आत्याच्या मालमत्तेचे काम ज्या कार्यालयाने केले, त्याविषयी सविस्तर लिहीत आहे. वकीलबाईंचे नाव येथे देत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही आणि पक्षकाराच्या लेखणीतूनही ती होऊ नये, असा त्यांचा आग्रह आहे. तो मला योग्य वाटतो.

कार्यालय नारायण पेठेतील एका जुन्या इमारतीत आहे आणि शिवाजीनगरचे न्यायालय तेथून जवळ आहे. स्थावर मालमत्ता, विश्वस्त संस्था, मृत्युपत्र व प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र) आणि दिवाळखोरी एवढ्या चारच विषयांची कामे तेथे घेतली जातात. फौजदारी, कौटुंबिक वाद, भाडेकरूंना बाहेर काढण्याचे दावे यांपैकी काहीही घेतले जात नाही. इंग्लंडमध्ये चॅन्सरी बॅरिस्टर म्हणून ओळखले जाणारे वकील नेमके हेच विषय एकत्र हाताळतात आणि न्यायालयात उभे राहण्याइतकेच महत्त्व लेखी अभिप्रायाला देतात. आपल्याकडे १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनंतर बॅरिस्टर अशी वेगळी श्रेणी उरली नाही. तरीही वकीलबाईंची कामाची पद्धत त्या परंपरेला जवळची आहे आणि शहरातील इतर वकीलही अवघड प्रश्नांवर त्यांचा अभिप्राय मागवतात. हे चार विषय एकाच ठिकाणी असण्याचे महत्त्व आरंभी आम्हाला जाणवले नव्हते. काम पुढे सरकत गेले, तसे ते स्पष्ट झाले.

आत्या २०२२ मध्ये वारली. ती निपुत्रिक विधवा होती आणि तिने आयुष्यभर शिक्षिकेची नोकरी केली होती. कोथरूडमधील एका सहकारी गृहरचना संस्थेतील सदनिका तिने स्वतःच्या पगारातून घेतली होती. सदाशिव पेठेतील वाड्यात तिला वडिलांकडून, म्हणजे माझ्या आजोबांकडून, आलेला अविभक्त हिस्सा होता. गरजू विद्यार्थ्यांना फी आणि पुस्तकांसाठी मदत करणाऱ्या एका नोंदणीकृत विश्वस्त संस्थेची ती विश्वस्त होती. शिवाय शहराबाहेरील एका गृहप्रकल्पात तिने गुंतवणूक म्हणून दुसरी सदनिका आरक्षित केली होती, तिचे बहुतेक पैसे भरले होते आणि ताबा मिळाला नव्हता. मृत्युपत्र टंकलिखित होते, प्रत्येक पानावर तिची सही होती, साक्षीदार म्हणून नेहमीच्या डॉक्टरांची आणि एका शेजाऱ्यांची सही होती, आणि एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती, म्हणून माझे नाव होते. मृत्युपत्राची नोंदणी केलेली नव्हती. कोथरूडची सदनिका तिने शेवटची अनेक वर्षे तिची सेवा करणाऱ्या माझ्या चुलतबहिणीला दिली होती आणि वाड्यातील हिस्सा व उरलेले सारे त्या विश्वस्त संस्थेला.

आम्ही प्रथम ज्या वकिलांकडे गेलो त्यांनी मृत्युपत्र वरवर चाळून, पुण्यात प्रोबेट लागत नाही, सोसायटीत अर्ज द्या, एवढे सांगून आम्हाला परत पाठवले. हे विधान चुकीचे नव्हते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या तेव्हा लागू असलेल्या कलम २१३ प्रमाणे हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती जुन्या बंगाल प्रांतापुरती आणि मुंबई व चेन्नई उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रापुरतीच, म्हणजे त्या शहरांपुरतीच, होती, आणि आत्याचे मृत्युपत्र व मालमत्ता दोन्ही पुण्यातील होती. परंतु सक्ती नाही म्हणजे गरज नाही, असे होत नाही. हा फरक वकीलबाईंनी पहिल्याच लेखी अभिप्रायात दाखवून दिला, आणि तो अभिप्राय हेच या कार्यालयाच्या कामाचे सर्वांत मोठे बलस्थान आहे असे माझे मत झाले आहे.

त्यांनी प्रश्न उलट बाजूने हाताळला. मृत्युपत्र टिकले नाही तर काय होईल, हे आधी पाहिले. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या स्त्रीला मुले किंवा पती हयात नसेल, तर तिची मालमत्ता प्रथम पतीच्या वारसांकडे जाते. ती तिने स्वतः कमावलेली असली तरी हाच क्रम लागतो. माहेरच्या माणसांचा क्रम त्यानंतरचा. याला एक अपवाद आहे : आई किंवा वडिलांकडून वारसाने आलेली मालमत्ता, मुले व नातवंडे नसतील तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. म्हणजे आमच्या आत्याचे मृत्युपत्र नाकारले गेले असते तर वाड्यातील हिस्सा आमच्या घराण्यात आला असता आणि तिच्या पगारातून घेतलेली कोथरूडची सदनिका मात्र तिच्या दिराच्या मुलाकडे गेली असती, ज्याने तिची वास्तपुस्तही घेतली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या प्रकरणात हाच अर्थ कायम केला. त्यातील स्त्रीचा पती लग्नानंतर तीनच महिन्यांत वारला होता, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले होते, तिचे शिक्षण माहेरच्यांनी केले होते आणि संपत्ती तिने स्वतः नोकरी करून मिळवली होती. तरीही ती संपत्ती सासरकडच्या वारसांना मिळाली. हा निकाल वाचल्यापासून मी माझ्या ओळखीतील प्रत्येक नोकरदार स्त्रीला, विशेषतः एकट्या राहणाऱ्या स्त्रीला, मृत्युपत्र करण्याचा आग्रह करते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी शतकापूर्वी कोर्ट ऑफ वॉर्ड्स या, अल्पवयीन व विधवा वारसांच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या सल्लागार म्हणून पडदानशीन विधवांच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी आयुष्य वेचले. स्त्रीच्या मालमत्तेला कायद्यात पूर्ण मालकी मिळाली असली, तरी तिच्या पश्चात ती कोणाकडे जाते हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

अभिप्रायातील दुसरा मुद्दा नामनिर्देशनाचा होता. आत्याने सदनिका घेतली तेव्हा, म्हणजे पती हयात असताना, सोसायटीच्या अर्जावर दिराच्या याच मुलाचे, म्हणजे तिच्या पुतण्याचे, नाव नामनिर्देशित (नॉमिनी) म्हणून दिले होते आणि पुढे ते बदलायचे राहून गेले. सोसायटीचे पदाधिकारी त्यालाच मालक समजत होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये आलेल्या कलम १५४-बी-१३ प्रमाणे नामनिर्देशित व्यक्तीला केवळ तात्पुरता सभासद म्हणून दाखल करून घेता येते. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ज्याचा हक्क सिद्ध होईल, त्याला पुढे सभासदत्व द्यावे लागते. आमचे काम चालू असतानाच, १४ डिसेंबर २०२३ रोजी, शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या शेअर्सबाबतही नामनिर्देशनामुळे मालकी मिळत नाही आणि उत्तराधिकाराचा कायदाच चालतो, असे स्पष्ट केले. वकीलबाईंनी सोसायटीला पाठवलेले पत्र नेमके, सौम्य आणि कलमांसह होते. त्यात धमकी नव्हती. पदाधिकाऱ्यांनी ते वाचून हस्तांतरण थांबवले.

या दोन कारणांमुळे त्यांनी प्रोबेट घ्यावे असा सल्ला दिला. प्रोबेटचा निकाल केवळ पक्षकारांपुरता नसतो, तो मृत्युपत्राच्या खरेपणाबाबत सर्वांवर बंधनकारक असतो. शिवाय मृत्युपत्र सिद्ध करण्यासाठी हयात साक्षीदारांपैकी किमान एकाची साक्ष लागते. शेजारी मुलाकडे परदेशी गेले होते आणि डॉक्टर वयस्कर होते. आज वाद नाही म्हणून थांबलो आणि पाच वर्षांनी पुतण्याने दावा लावला, तर साक्ष द्यायला कोण असेल, हा त्यांचा प्रश्न होता. डॉक्टरांचे शपथपत्र सर्वांत आधी झाले. नंतर शिवाजीनगर न्यायालयात अर्ज, जाहीर नोटीस, पुतण्याला नोटीस असे टप्पे आले. त्याने मुदत मागून घेतली, पण लेखी हरकत नोंदवली नाही, आणि २०२४ मध्ये प्रोबेट मिळाले. हरकत आली असती तर अर्जाचे दाव्यात रूपांतर होऊन काम कितीतरी लांबले असते, हेही त्यांनी आरंभीच लिहून दिले होते.

मात्र प्रोबेटचा अर्ज हे त्यांचे पहिले काम नव्हते. कागद पाहताना त्यांची नजर अर्धवट गृहप्रकल्पाच्या करारावर थांबली, आणि त्यांनी त्या बांधकाम कंपनीची स्थिती तपासली. तेव्हा तिच्याविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे दिवाळखोरीची कारवाई नुकतीच सुरू झाल्याचे कळले. वृत्तपत्रातील जाहीर सूचना आमच्यापैकी कोणी पाहिली नव्हती. २०१८ च्या दुरुस्तीनंतर सदनिका घेणारे ग्राहक दिवाळखोरी संहितेखाली कर्ज देणाऱ्या बँकांसारखे वित्तीय धनको मानले जातात, परंतु त्यासाठी अंतरिम रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे कंपनीचा कारभार पाहण्यासाठी न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यक्तीकडे, ‘फॉर्म सीए’ या नमुन्यात दावा दाखल करावा लागतो. सूचनेतील मुदत जेमतेम दोन आठवड्यांची असते, आणि ती चुकल्यास तेव्हाच्या नियमांप्रमाणे कारवाई सुरू झाल्यापासून ९० दिवसांपर्यंतच दावा देता येत होता. कारवाई चालू असताना कंपनीविरुद्ध इतरत्र दावे चालवण्यास स्थगिती असते. त्यामुळे आम्ही महारेराकडे तक्रार करण्याच्या विचारात होतो तो मार्गही त्या काळापुरता बंद झाला होता.

येथे एक बारीक अडचण होती. मूळ ग्राहक हयात नाही, प्रोबेट अजून मिळालेले नाही, मग दावा कोण करणार? वकीलबाईंचे उत्तर भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २११ मध्ये होते : एक्झिक्युटर हा मृत व्यक्तीचा कायदेशीर प्रतिनिधी असतो आणि मालमत्ता त्याच्याकडे मृत्यूपासूनच निहित होते, कारण त्याचा अधिकार मृत्युपत्रातून येतो. न्यायालय पुढे त्यावर शिक्कामोर्तब करते. मृत्युपत्रात एक्झिक्युटर नेमलेला नसता तर आधी न्यायालयाकडून व्यवस्थापत्र, म्हणजे मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा अधिकार देणारे पत्र, मिळवावे लागले असते आणि मुदत बहुधा टळली असती. आत्याने त्या एका ओळीत माझे नाव घालून किती मोठे काम करून ठेवले होते, हे मला त्या दिवशी उमगले. करार, पावत्या, बँकेचे उतारे आणि मृत्युपत्राची प्रत जोडून आमचा दावा वेळेत दाखल झाला. करारात वेगळा दर ठरलेला नसेल तर धनकोंच्या समितीतील ग्राहकांच्या मतदानाचा हिस्सा काढताना वर्षाला ८ टक्के व्याज धरले जाते, तेही त्यांनी हिशेबात घेतले. दावा मान्य झाला आहे. सदनिकेचा ताबा अजून मिळालेला नाही आणि तो कधी मिळेल याचे आश्वासन त्यांनी एकदाही दिले नाही. केवळ प्रोबेटचे काम करणाऱ्या वकिलाने हा करार बाजूला ठेवला असता आणि केवळ दिवाळखोरीचे काम करणाऱ्याला एक्झिक्युटरचा अधिकार तपासण्यात वेळ लागला असता.

विश्वस्त संस्थेचे काम सर्वांत संथ आणि सर्वांत कष्टाचे ठरले. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांत किंवा मालमत्तेत बदल झाल्यास ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल अर्ज द्यावा लागतो. संस्थेने तो अनेक वर्षे दिला नव्हता. परिशिष्ट १ च्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील संस्थेच्या नोंदीच्या, उताऱ्यावर दिवंगत झालेल्या विश्वस्तांची नावे तशीच होती. म्हणजे कागदावर पाहिले तर आत्याची देणगी स्वीकारण्याचा ठराव करायला अधिकृत विश्वस्त मंडळच उरले नव्हते. पुण्यातील पेठापेठांतून अशा कितीतरी जुन्या, चांगल्या हेतूने उभारलेल्या संस्था याच अवस्थेत असतील. विद्यार्थ्यांना मदत वेळेवर जाते, हिशेब चोख असतात, फक्त नोंदी मागे पडतात. वकीलबाईंनी प्रत्येक बदलाचा क्रम इतिवृत्तांवरून लावला, विलंब माफीच्या अर्जांसह बदल अर्ज दाखल केले आणि संस्थेच्या तरुण कार्यकर्त्यांना यापुढे हे काम स्वतः कसे करायचे ते शिकवले. या शिकवण्याचे त्यांनी वेगळे शुल्क लावले नाही.

त्याच सुमारास वाड्याच्या पुनर्विकासासाठी एक विकसक इतर हिस्सेदारांच्या सह्या घेत होता आणि संस्थेनेही विकसन करारनामा व कुलमुखत्यारपत्र लगेच करून द्यावे म्हणून घाई करत होता. सार्वजनिक विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. परवानगीशिवाय झालेला व्यवहार वैध ठरत नाही. वकीलबाईंनी संस्थेला परवानगी मिळेपर्यंत कशावरही सही करू दिली नाही. त्यामुळे हिस्सेदारांपैकी काही नातेवाईक नाराज झाले, माझ्यावरही रागावले, परंतु संस्थेच्या पैशावर शिकणाऱ्या मुलांचा विचार करता हा निर्णय पूर्णपणे बरोबर होता.

त्यांनी विचारलेला आणखी एक प्रश्न मी मुद्दाम नोंदवते, कारण तो दुसऱ्या कोणी विचारला असता असे मला वाटत नाही. आत्याने कधी कोणासाठी जामीन राहिल्याचा कागद दिला होता का? कपाटातील जुन्या फाइलमध्ये पतीच्या नात्यातील एका लहान कंपनीच्या कर्जाला दिलेली हमी सापडली. १ डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांवरही दिवाळखोरी संहितेखाली कारवाई होऊ शकते. शिवाय मृताची देणी फेडल्याशिवाय मृत्युपत्रातील देणग्या वाटल्या आणि पुढे धनको उभा राहिला, तर एक्झिक्युटर अडचणीत येतो. सुदैवाने ते कर्ज फिटलेले होते. बँकेकडून तसे पत्र घेतल्यावरच मालमत्तेचे वाटप सुरू झाले. वाटपासाठी आग्रह धरणाऱ्या नात्यातील मंडळींना, मृत्यूपासून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत एक्झिक्युटरवर देणग्या देण्याचे बंधन नसते, हे वकीलबाईंनी स्वतः फोनवर समजावून सांगितले. माझ्या घरातील शांतता त्यामुळे टिकली. प्रोबेट मिळाल्यानंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एक वर्षात हिशेब न्यायालयात सादर करायचा असतो, याची आठवणही त्यांनीच करून दिली.

आता उणिवा. कार्यालयाचा वेग कमी आहे. कोणताही मसुदा वकीलबाईंनी स्वतः वाचल्याशिवाय बाहेर जात नाही, आणि त्या न्यायालयात असल्या की साध्या पत्रालाही बरेच दिवस लागतात. व्हॉट्सॲपवर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, ईमेललाच मिळते. वयस्कर पक्षकारांना हे जड जाते. अभिप्राय आणि अर्ज मुळात इंग्रजीत लिहिले जातात. आम्ही मागितल्यावर मराठी प्रत मिळाली आणि ती उत्तम होती, परंतु जेथे मृत्युपत्र मराठी, साक्षीदार मराठी आणि संस्थेची इतिवृत्ते मराठी, तेथे ती न मागता मिळायला हवी, असे मी त्यांना सांगितले आहे. मुंबईतील न्यायाधिकरणाच्या कामासाठी तेथील सहकारी वकील नेमावा लागतो आणि त्याचा खर्च वेगळा येतो.

शुल्क कमी नाही, पण ते टप्प्याटप्प्याने आणि लेखी ठरते, आणि मान्य केल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू होत नाही. न्यायालयीन शुल्काचा आकडाही आधी सांगितला जातो. प्रोबेटच्या न्यायालयीन शुल्काला महाराष्ट्रात ७५ हजार रुपयांची कमाल मर्यादा होती, हे आम्हाला तेथेच प्रथम समजले, तोवर आम्ही सदनिकेच्या किमतीवरून भलताच अंदाज धरून बसलो होतो.

ज्यांच्या घरी एकच सदनिका आहे, सर्व वारस एकमताचे आहेत आणि कोणाची हरकत नाही, त्यांनी या कार्यालयाकडे जाण्याची गरज नाही. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळणारा वारस दाखला किंवा भावंडांमधील नोंदणीकृत हक्कसोड पत्र यांवर काम भागते आणि ते कोणताही अनुभवी दिवाणी वकील करून देतो. वकीलबाई स्वतःही अशा लोकांना परत पाठवतात. जेथे मृत्युपत्र, वाडा, संस्था आणि अडकलेला व्यवहार एकमेकांत गुंतलेले आहेत, तेथे मात्र मी त्यांच्याकडेच जाण्याचा सल्ला देईन. जाताना मृत्युपत्राची मूळ प्रत, मृत्यूचा दाखला, सोसायटीचे भागपत्र, मालमत्ता पत्रकाचा ताजा उतारा, जुन्या खरेदीखतांच्या सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातील नोंदीचे उतारे), बांधकाम कंपनीशी झालेला करार व पावत्या आणि संस्था असल्यास परिशिष्ट १ चा उतारा बरोबर न्यावा. यांपैकी काही नसेल तर ते मिळवण्यासाठीच पहिली भेट संपते.